सुझोउचं अर्धं राहिलेलं भांडण

आई,

भारतातून फोन येतात तेव्हा शेवटी सगळे एकच विचारतात, "जाताना काही बोलल्या का गं?" पहिले दोन-तीन दिवस मी "नाही, ग्लानीतच होत्या" असं सांगून विषय संपवत होते. मग खरं सांगायला लागले. नर्सने हॉस्पिटलच्या खोलीतला पडदा सरकवला तेव्हा तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "ही खिडकी उत्तरेची आहे. इथे ऊन यायचं नाही." आणि पुन्हा डोळे मिटलेत. नागपूरला माईआत्यांना हे सांगितलं तर त्या रडता रडता हसल्या. "जाता जाताही भूगोलच शिकवून गेली बाप्पा," म्हणाल्या.

तेरावा होऊन आज चार दिवस झाले. इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयमधल्या आपल्या लोकांनी इतकं जेवण आणून दिलं की फ्रीजचं दार लागत नव्हतं. अभय आजपासून ऑफिसला जायला लागलाय. रेवा शाळेत गेलीय. घरात मी एकटी आहे आणि तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. सात वर्षं आपण ते पुरवून पुरवून भांडलो. आणि परवा त्यात अशी एक गोष्ट निघाली की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मलाच ते पुन्हा एकदा नीट मांडून बघायचंय.

कंपनीने मला विचारलं होतं, चीनमध्ये सुझोउला नवा प्लांट होतोय, गाड्यांचे ब्रेक बनवणारी लाइन उभी करायला दोन वर्षं जाशील का? रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. मी अभयला सांगितलं तेच मुळी "उद्या नाही म्हणून कळवते" अशा सुरात. तो नको म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी माझ्या ताटात गुलाबजाम वाढता वाढता विचारलं, "अगं, पण मुलगी लहान आहे ना?" खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्हीही हेच म्हणाल. मी त्याची वाटच बघत होते. सासूबाई नको म्हणाल्या, असं जन्मभर सांगता आलं असतं.

तुमचा फोन आला. "अभय सांगून राहिला होता. नाही म्हणून कळवलंस का?"

"अजून नाही."

"मग कळवू नको. मी येते तिकडे. ग्रीन कार्ड काय भिंतीवर लावायला काढून दिलं का मला?"

आणि आलात. मी पुण्याची, तुम्ही नागपूरच्या. लग्नानंतर बारा वर्षांत आपण सलग तीन महिनेसुद्धा एका घरात राहिलो नव्हतो. दहा दिवस तुम्हाला डिशवॉशर, स्कूलबस आणि थर्मोस्टॅट समजावला आणि तुमच्या हातात माझं घर आणि माझी मुलगी देऊन मी निघून गेले.

त्या पहिल्या वर्षात व्हिडिओ कॉलवर मी रेवाला तुमची होताना पाहिलं. तिच्या दोन वेण्या आल्या. ती "काय करून राहिलीस, मॉम?" असं विचारायला लागली. माझ्या पोटची मुलगी नागपुरी बोलत होती आणि मी हसत होते, पण कॉल बंद झाल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसायचे. कधी कधी ती स्क्रीनकडे न बघताच म्हणायची, "वुई आर इन द मिडल ऑफ समथिंग. नंतर कॉल कर ना." मागून तुमचा आवाज यायचा, "अगं, आईशी बोल आधी!" आई, तुमच्या त्या ओरडण्याचा मला राग यायचा. माझ्याशी बोलायला तिला सांगावं लागतंय, याचा.

वर्ष झालं. डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दोघी आलात. अभयच्या कंपनीच्या गाडीचं नवं मॉडेल लाँच होणार होतं, त्याला जमलं नाही. आठ दिवस. शांघायच्या विमानतळावर मी दीड तास आधीच जाऊन उभी होते. दारातून आधी तुम्ही दिसलात, अभयचं जुनं स्की जॅकेट साडीवर चढवलेल्या. आणि तुमच्या मागे रेवा. चार बोटं उंच झालेली.

"जा ना, मिठी मार. काय बघून राहिलीस?" तुम्ही म्हणालात.

तिने मिठी मारली. पाहुण्यांना मारतात तशी.

पुढचे दिवस ती माझ्याशी तुमच्यामार्फत बोलत होती. "आजी, टेल हर आय'म नॉट कोल्ड." दात वाजत असायचे. सुझोउचा माझा फ्लॅट गार होता. तिथल्या घरांत मिशिगनसारखं सगळं घर ऊबदार ठेवणारं हीटिंग नसतं, हे मी तुम्हाला अपराधी स्वरात सांगत होते आणि तुमचे डोळे चमकले. "म्हणजे आपण ह्वाय नदीच्या दक्षिणेला आहोत! उत्तरेला सरकार हीटिंग देते, दक्षिणेला नाही. मी वाचलं होतं." थंडीने निळ्या पडलेल्या बाईला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. रेवाला तुम्ही स्वेटरवर स्वेटर घालून मधोमध बसवलंत आणि तिघींच्या पायांवर एकच रजई घेऊन आपण पोह्यांचा चिवडा खाल्ला. डेट्रॉइटहून तो तुम्ही तीन किलो आणला होता. चीनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलं होतं.

हाल नाही झाले. सोसायटीच्या खालच्या भाजीबाजारात तुम्ही एका जुडीपाशी थांबलात आणि ओरडलात, "सांबार!" नागपूरकरांची कोथिंबीर. भाजीवाली बाई दचकली. मग तिने जुडी उचलून सांगितलं, "शियांगत्साय." तुम्ही म्हणालात, "सांबार." ती म्हणाली, "सांबा." दोघी खूश. त्या दिवशी रेवा पहिल्यांदा हसली. पण माझ्याकडे बघून नाही.

तुम्हाला यांगत्से नदी बघायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला शांघाय दाखवायला नेलं. नदीकाठच्या त्या जुन्या दगडी इमारती, पलीकडे काचेचे मनोरे, बोचरा वारा. मी हात पसरून म्हटलं, "बघा आई, तुमची नदी." तुम्ही एक क्षण पाण्याकडे पाहिलंत.

"ही यांगत्से नाही. ही हुआंगपू. उपनदी दाखवून मला गंडवून राहिलीस?"

मला माहीत होतं. मला वाटलं होतं, चालून जाईल. तीस वर्षं पाचवी ते दहावीच्या मुलांकडून चीनचा नकाशा काढून घेतलेल्या बाईला हे चालून जाणार नव्हतं. वर्गात फळ्यावर तुम्ही न बघता चीन काढायचात, हे अभय नेहमी सांगायचा. आधी किनारा, मग वरची पिवळी नदी, मग खालची यांगत्से. पण तोपर्यंत कुठलाच देश तुम्ही पाहिला नव्हता, अमेरिका सोडून. आणि अमेरिकेत तर तुम्ही रेवाची शाळा, देऊळ आणि आपलं घर एवढंच पाहिलं होतं.

रेवाला मात्र चीनची भिंत बघायची होती. "एव्हरीवन इन माय क्लास विल आस्क." मी बीजिंगची तिकिटं काढून ठेवली होती. तुम्ही लगेच म्हणालात, "भिंतच बघू. नदी काय, कुठे जात नाही." तुमचं मन मोडून रेवाचं राखणं मला सोपं वाटलं. तेव्हा मला तिचं मन राखायची फार घाई होती.

आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आज मला तुझी फॅक्टरी बघायची आहे."

"तिथे बघण्यासारखं काय आहे, आई?"

"ते मी ठरवीन."

लहान मुलांना आत नेता येत नव्हतं. माझ्याबरोबर क्वालिटीचं काम बघणारी लिन रेवाला ऑफिसात घेऊन बसली, तिच्यापुढे संत्री ठेवली. मी तुम्हाला पिवळं जॅकेट घातलं, डोळ्यांना चष्मा, साडीखाली बोटांवर लोखंडी कवच असलेले बूट. लाइनवर त्या वेळी नेमकी गडबड झाली होती. एका स्टेशनवर भाग उलटे बसवले जात होते आणि सुपरवायझर ऐकत नव्हता. मी माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत त्याच्याशी वाद घातला, मशीन बंद करायला लावलं, स्वतः गुडघ्यावर बसून भाग धरून ठेवणारं फिक्श्चर दाखवलं. तुम्ही मागे उभ्या आहात, हे मी पंधरा मिनिटं विसरले होते. वळले तर तुम्ही माझ्याकडे बघत होतात. त्या काचेच्या चष्म्यातून.

"तू इकडे वेगळीच दिसतेस," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे कशी?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. परतताना टॅक्सीत रेवा झोपली होती, तेव्हाही नाही. मी त्यानंतर तुम्हाला दोनदा विचारलं. "असं काही बोलले होते का मी?" म्हणालात. ते एक वाक्य तुम्ही माझ्याकडे तसंच ठेवून गेलात.

त्याच संध्याकाळी रेवाला ताप भरला. चौथ्या दिवशी सकाळी एकशे दोन. बीजिंग कॅन्सल केलं. डॉक्टर म्हणाले, साधा व्हायरल आहे. पण रेवा तापात "आजी, आजी" करत होती आणि मी स्वयंपाकघरात पाणी उकळायला ठेवून त्या भांड्याकडे बघत उभी होते. तुम्ही पाणी न्यायला आलात. मी म्हटलं, "आई, मी कंपनीला लिहिलंय. पाठवलं नाही अजून, पण लिहून ठेवलंय. मी तुमच्याबरोबरच परत येते."

तुम्ही गॅस बंद केलात.

"का?"

"का म्हणजे? मुलगी आजारी आहे."

"मुलगी आजारी पडते. सगळ्यांच्या पडतात. ती ट्रॉयमध्येही ऑक्टोबरात पडली होती. तुला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?"

"तू परत आली असतीस म्हणून."

मी चिडले. काय काय बोलले, ते सगळं आठवत नाही. "ती माझी मुलगी आहे" हे मात्र बोलले, ते आठवतं. तुमचा चेहरा हलला नाही. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि जे सांगितलंत ते अभयलाही माहीत नव्हतं.

तुम्ही भूगोलात एम.ए. करत होतात. अभय दीड वर्षांचा. डिपार्टमेंटबरोबर फील्डवर्कला बस्तरला जायचं होतं, तीन आठवडे. इंद्रावतीच्या काठाने. तुमच्या सासूबाई हो म्हणाल्या, मामंजी हो म्हणाले, तुम्ही गेलात. चौथ्या दिवशी तार आली, अभयला ताप आहे. जीपमधून, मग बसमधून, मग रेल्वेने तुम्ही दीड दिवसात घरी पोचलात.

"अन् ताप?" मी विचारलं.

"तो आदल्या दिवशीच उतरला होता. पाळण्यात बसून बिस्कीट खाऊन राहिला होता." तुम्ही हसलात. "मी परत गेले असते तर कोणी अडवलं नसतं, मंजिरी. तेच तर आहे. कोणीच अडवलं नाही मला. मीच नाही गेले. मग पुढल्या वर्षाचा फॉर्मही नाही भरला. मग शाळेत लागले अन् तीस वर्षं नकाशावरून नद्या शिकवल्या."

आत रेवाने हाक मारली. तुम्ही उठलात आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिलात. "तू जा. हाक कोणालाही मारू दे, जायचं तू."

मी गेले. रेवा माझ्या हातून पाणी प्यायली. अर्धवट झोपेत होती. पण प्यायली.

दोन दिवसांनी ताप उतरला. एकच मोकळा दिवस उरला होता आणि बीजिंगला जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. तेव्हा मीच म्हटलं, चला, नानजिंगला. ट्रेनने सव्वा तास. तिथे यांगत्से आहे, खरी. रेवा कुरकुरली, "अ रिव्हर. ग्रेट." पण आली.

नानजिंगला आपण तिथला प्रसिद्ध पूल बघायला नाही गेलो, नदी ओलांडणाऱ्या साध्या फेरीबोटीत बसलो. कामावर जाणारी माणसं, सायकली, स्कूटर, कोबीच्या पिशव्या. आकाश आणि पाणी एकाच करड्या रंगाचं. वाळूने भरलेले पडाव इतके खाली बुडालेले की लाट आली तर आत येईल असं वाटत होतं. पलीकडचा काठ धुक्यात पुसट. तुम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलात. मला वाटलं तुम्ही काही तरी बोलाल, आकडे सांगाल, लांबी, उगम. तुम्ही फक्त पदर तोंडाला लावलात. नाक गळत होतं की काय, कळलं नाही. विचारलं नाही.

वाऱ्याने उभं राहवेना म्हणून आत आलो. काचा माणसांच्या श्वासांनी धुरकटल्या होत्या. आणि तुम्ही बोटाने काचेवर चीन काढलात. न बघता. आधी किनारा, वरची नदी, खालची नदी. बाजूला एक आजीबाई बसल्या होत्या, लोकरीची जांभळी टोपी घातलेल्या. त्यांनी मान पुढे केली, नकाशा ओळखला आणि खालच्या नदीवर, बऱ्याच आत डावीकडे, बोट टेकवून छातीवर हात ठेवला. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझं माहेर. छोंगछिंग." तुम्ही "यांगत्से, यांगत्से" म्हणत होतात, ते त्यांना कळेना. त्या म्हणत होत्या, "छांगच्यांग." मी सांगितलं, इथे सगळे तिला तेच म्हणतात. लांब नदी.

"लांब नदी?" तुम्ही म्हणालात. "एवढं साधं? अन् मी पोरांकडून यांगत्सेचं स्पेलिंग पाठ करून घेतलं!"

रेवा खदखदून हसली. मग ती काचेजवळ आली. तिने त्या आजींसारखंच बोट टेकवलं, किनाऱ्याजवळ, सुझोउ असेल तिथे, आणि माझ्याकडे वळून थेट मला विचारलं, "मॉम, यू आर हिअर?"

"हो."

"अँड ट्रॉय?"

ट्रॉय काचेवर मावत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ते पुढच्या खिडकीत." ती गेली, मधे बसलेल्या दोन माणसांना "एक्स्क्यूज मी" म्हणत, आणि पुढच्या खिडकीत ठिपका देऊन आली. परतीच्या फेरीत ती माझ्या शेजारी बसली. लिनने दिलेल्या संत्र्यांबद्दल, शाळेबद्दल, ऑक्टोबरातल्या तापाबद्दल बोलत होती. तुम्ही समोरच्या बाकावर डोळे मिटून बसला होतात. झोपला नव्हतात. मला माहीत आहे.

त्याच फेरीत तुम्ही माझ्याकडून कबूल करून घेतलंत. "ते लिहून ठेवलेलं पत्र फाडशील. दोन वर्षं पूर्ण करशील."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, आई.

आणि मग विमानतळ. सिक्युरिटीच्या रांगेपाशी तुम्ही रेवाचा हात धरलात. तिने मला मिठी मारली, घट्ट. मग तुम्ही दोघी वळलात आणि चालू लागलात. मी हात वर करून उभी होते. रांग लांब होती, चार वळणं घेत होती, प्रत्येक वळणावर तिचा चेहरा माझ्याकडे यायला हवा होता. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तुमच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून चालत राहिली आणि आत गेली.

तीन महिन्यांनी मी परत आले. कंपनीला घरगुती कारण सांगितलं. लिनने माझी लाइन पूर्ण केली, आणि चांगली केली. डेट्रॉइटच्या विमानतळावर तुम्ही म्हणालात, "आलीस?" पुढे काही नाही. मे महिन्यात तुम्ही नागपूरला गेलात.

तिथून भांडण सुरू झालं. फोनवर, मग तुम्ही इथे कायमच्या राहायला आलात तेव्हा स्वयंपाकघरात, गाडीत, दिवाळीचा चिवडा परततानासुद्धा. "अर्ध्यावर सोडून आलीस." "रेवासाठी आले, आई." "रेवाला मी होते." "तेच तर!" मी एकदा म्हटलं होतं आणि तुम्ही विचारलंत, "म्हणजे?" आणि मी विषय बदलला होता.

म्हणजे काय ते आता सांगते. मी रेवासाठी आले नव्हते. रेवा उत्तम होती. मी आले कारण तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आणखी नऊ महिन्यांनी तिला माझी गरजच उरणार नाही. तुम्ही माझ्या मुलीला इतकं छान सांभाळलंत की मला तुमची भीती वाटली. हे तुमच्या तोंडावर सांगता आलं नाही. त्यापेक्षा "रेवासाठी" म्हणणं बरं दिसत होतं. तुम्हाला वाटत राहिलं, माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. विश्वास होता. खूप जास्त होता.

परवा शनिवारी रेवा आणि मी लोकांचे रिकामे डबे परत करायला निघालो होतो. ती गाडी चालवत होती, माझ्या मांडीवर स्टीलच्या डब्यांची चळत. ती म्हणाली, "आजीला एका गोष्टीचं खूप वाईट वाटायचं. की तू चायनाहून लवकर आलीस. माझ्यामुळे."

सतरा वर्षांची मुलगी हे सात वर्षं बाळगून होती. मग मला गप्प बसवेना. जे तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. विमानतळ, रांग, चार वळणं.

तिने एका औषधांच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली आणि थांबवली.

"मॉम. आय वॉज क्राइंग."

"काय?"

"आय वॉज क्राइंग सो हार्ड. आजी म्हणाली, वळू नको. तुझा चेहरा तिने पाहिला ना, तर ती सगळं सोडून आपल्या मागे येईल. तिचं काम राहील. शी मेड मी प्रॉमिस. आय पुट माय फेस इन हर जॅकेट."

डबे माझ्या मांडीवरून घसरून खाली पडले. खूप आवाज झाला. आम्ही दोघी हसायला लागलो, आई, आणि मग रडायला लागलो, आणि दुकानातून बाहेर पडणारे लोक आमच्या गाडीकडे बघत होते. तुम्ही मला थांबवायला तिला तोंड लपवायला सांगितलंत, आणि मी तेच बघून परत आले! सात वर्षं मला रागावत होतात आणि तुम्हाला कधी कळलंच नाही. मलाही नाही. एकदा जरी मी खरं बोलले असते, एकदा जरी त्या "म्हणजे?"ला उत्तर दिलं असतं, तर आपण चिवडा तसाच टाकून त्या ओट्यापाशी अशाच हसलो असतो. याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही. तुमच्याबरोबरची इतर सगळी वर्षं मला जमेची वाटतात.

रेवाने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला वाटायचं, मी नीट लपवलं नाही. तुला कळलं, म्हणून तू आलीस."

"नाही गं. फार छान लपवलंस."

"देन इट्स नॉट माय फॉल्ट."

"कुणाचाच नाही."

तिने वाकून खाली पडलेले डबे उचलून माझ्या मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "मेक्सिकोला काय उत्तर दिलंस?"

हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात त्या आठवड्यात ऑफर आली. क्वेरेतारोला नवा प्लांट होतोय, तो उभा करायचा. या वेळी एक लाइन नाही, पूर्ण प्लांट. दोन वर्षं. मी उत्तर दिलं नव्हतं, आणि माझ्याकडे कारणंही तयार होती. तुमचं आजारपण, मग तुमचं जाणं, रेवाचं कॉलेजचं पहिलं वर्ष, अभय एकटा पडेल.

"अजून काही कळवलं नाही," मी म्हटलं.

"मग नाही म्हणून कळवू नको," रेवा म्हणाली. मराठीत. तुमच्यासारखी मान हलवून नव्हे, तिच्या स्वतःच्या, जरा उद्धट पद्धतीने.

काल मी हो म्हणून कळवलं. अभयने विचारलं, "पूर्ण दोन?" मी म्हटलं, "पूर्ण दोन." त्याने चहा टाकला, आणि थोड्या वेळाने विचारलं की तिथे उन्हाळ्यात किती गरम होतं. म्हणजे तो येणार.

रेवाने डिसेंबरची सुट्टी आताच मागून घेतली आहे. आठ दिवस येणार म्हणाली. मी ते शहर अजून पाहिलेलंसुद्धा नाही. तिला फिरवायचं तर आधी मला तिथले रस्ते पाठ करावे लागतील, कुठला बाजार कधी भरतो ते बघावं लागेल, थोडं स्पॅनिश शिकावं लागेल. जुलैत निघते, आई. डिसेंबरपर्यंत पाच महिने आहेत. होईल.

तुमची,
मंजिरी